माजी सैनिक, वीरनारी आणि आपली लीग : गावाकडून सारखे येणारे प्रश्न

मी फौजेत क्लर्क होतो, आता वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी पट्ट्यात राहतो. थोडं वावर आहे ते बघतो आणि बाजाराच्या दिवशी ज्यांना डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) वाचता येत नाही त्यांची कागदं बघून देतो. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, येष्टी स्टँडवर गाठून लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, कारण गावात हे सांगणारं कोणी नसतं. म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिला आहे.

१. भाऊ, ही एक्स-सर्व्हिसेस लीग म्हणजे नेमकं काय? सरकारी ऑफिस आहे का?

नाही, सरकारी ऑफिस नाही. इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग ही माजी सैनिकांची स्वतःची संघटना आहे, तिन्ही दलांची, सिपाह्यापासून जनरलपर्यंत सगळ्यांची. मुख्यालय दिल्लीत, खाली राज्याची लीग, मग जिल्ह्याची, मग तालुक्याची. संरक्षण मंत्रालयाची तिला मान्यता आहे म्हणजे तिचं म्हणणं सरकारदरबारी ऐकून घेतात, पण पगारी माणसं तिथं बसलेली नसतात. जो पदाधिकारी भेटेल तो तुमच्या-माझ्यासारखाच पेन्शनर असतो, स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून येतो. लीग तुमची पेन्शन मंजूर करत नाही, अडलेली पेन्शन सुटावी म्हणून तुमच्यासोबत उभी राहते.

२. मंग सैनिक बोर्ड आन लीग एकच ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. कित्येक जण लीगचं कार्ड घेऊन बोर्डात जातात आणि तिथून परत येतात, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाचा सगळा दिवस जातो.

बोर्ड म्हणजे सरकार. दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, त्याचे अध्यक्ष संरक्षण मंत्री. आपल्या राज्यात पुण्याला सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला आपण जुन्या सवयीनं अजून 'बोर्ड'च म्हणतो. तिथले अधिकारी बहुतेक फौजेतूनच निवृत्त झालेले असतात. माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र, मदतीचे अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्तीची पडताळणी, रेकॉर्ड ऑफिसला (जवानाच्या नोकरीची सगळी नोंद जिथं असते तिथं) जाणारी पत्रं, हे सगळं त्या कार्यालयातून होतं. लीगचं काम एकत्र येऊन मागणी मांडायची, सरकारशी बोलायचं, आणि ज्याला जमत नाही त्याला हाताला धरून बोर्डापर्यंत न्यायचं. सही-शिक्का पाहिजे असेल तर बोर्डात जा, सोबत माणूस पाहिजे असेल तर लीगच्या माणसाला फोन लावा. आयुष्यात दोन्ही लागतात.

३. लीग कोणी काढली?

फील्ड मार्शल करिअप्पांनी पुढाकार घेतला, १९६४ साली. हेच करिअप्पा १५ जानेवारी १९४९ ला भारतीय सैन्याचे पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ झाले, म्हणून १५ जानेवारीला आर्मी डे असतो. १९५३ ला ते रिटायर झाले आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात एकच विषय, की गावी परत गेलेल्या जवानाचं काय होतं. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, पोरं लहान असतात, शेती भावांनी कसलेली असते, आणि वर्दी उतरली की साहेब म्हणणारं कोणी राहत नाही. हे त्यांनी स्वतः हिंडून पाहिलं होतं.

लीगचं नातं बाहेरच्या देशांशीही आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ ला, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला ब्रिटिश साम्राज्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी मिळून एक संस्था काढली, तीच आजची रॉयल कॉमनवेल्थ एक्स-सर्व्हिसेस लीग. आपली लीग तिची सभासद आहे. त्याचा उपयोग कोणाला झाला ते प्रश्न २० मध्ये सांगितलं आहे.

४. आणि बोर्ड कधीपासून आहे?

ते लीगपेक्षा कितीतरी जुनं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांच्या आसपास माणसं गेली, ७४ हजारांवर परत आली नाहीत. एवढे लोक एकदम घरी परतल्यावर त्यांच्यासाठी १९१९ ला इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. १९५१ ला नावात नौदल-हवाईदल आलं आणि १९७५ ला त्याचं केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांसाठी वेगळा विभाग मात्र २००४ च्या सप्टेंबरात निघाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षांनी. उशीर झाला असंच मी म्हणेन.

५. संक्रांतीला माजी सैनिकांचा कार्यक्रम का असतो?

कारण १४ जानेवारी हा व्हेटरन्स डे आहे. १९५३ ला त्याच तारखेला करिअप्पा निवृत्त झाले. २०१६ पासून हा दिवस पाळतात. आपल्याकडं त्याच दिवशी संक्रांत येते, घरी लेकीबाळी आलेल्या असतात, म्हणून पुष्कळ जण जात नाहीत. पण जमलं तर जा, कारण त्या दिवशी पेन्शनचे, रेकॉर्डचे, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचे) लोक बऱ्याच ठिकाणी एकाच मांडवात बसतात, नाहीतर तीन ठिकाणी तीन दिवस घालावे लागतात.

६. खरं सांगा, लीगनं आणि बाकी संघटनांनी आजपर्यंत मिळवून काय दिलं?

सगळ्यात मोठी गोष्ट वन रँक वन पेन्शन, म्हणजे रँक आणि नोकरी तेवढीच असेल तर पेन्शनही सारखी, कधीही रिटायर झालेला असो. ही मागणी समजायला १९७३ ला जावं लागतं. तिसऱ्या वेतन आयोगाच्या आधी जवानाला शेवटच्या पगाराच्या ७० टक्के पेन्शन होती, ती ५० वर आली. जो माणूस लवकर घरी पाठवला जातो त्याचीच कमी झाली. वर आणखी एक अडचण अशी, की १९८५ ला रिटायर झालेला नाईक आणि २००५ ला रिटायर झालेला नाईक, नोकरी तेवढीच, रँक तीच, पेन्शनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हातारा झाला त्याला कमी.

चाळीस वर्षं ही मागणी चालली. लीगनं निवेदनं दिली, बैठका घेतल्या, दुसऱ्या संघटनाही होत्या. २०११ ला भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनं मागणी बरोबर आहे असं लिहून दिलं. २०१५ च्या जूनमध्ये दिल्लीत जंतरमंतरवर म्हातारे लोक उपोषणाला बसले, तिथं पुढं होती ती लीग नव्हे, इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट नावाची वेगळी संघटना, हे प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे. ५ सप्टेंबर २०१५ ला घोषणा झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला आणि लागू झालं १ जुलै २०१४ पासून. दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. १६ मार्च २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सरकारचं धोरण कायम ठेवलं, पण १ जुलै २०१९ पासूनची नवी पेन्शन ठरवून थकबाकी द्या असंही सांगितलं. पुढचा फेर १ जुलै २०२४ पासूनचा.

आमच्या गावात एक सुभेदार काका होते, १९७१ ची लढाई पाहिलेले. थकबाकीचा पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी त्यांनी पासबुक दोन वेळा मला वाचायला लावलं, मग काही न बोलता खिशात ठेवलं आणि सरळ कृषी केंद्रात जाऊन उधारी फेडली. त्याच्यासाठी चाळीस वर्षं लागली होती.

७. मेंबर व्हायचं आहे पण आमच्या तालुक्यात शाखाच नाही, काय करू?

जिल्ह्याच्या शाखेत नाव नोंदवा. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स, फोटो एवढं लागतं. विधवाही मेंबर होऊ शकतात, हे बायकांना कोणी सांगतच नाही. जिल्हा सैनिक कार्यालयात विचारलं तर शाखेच्या माणसाचा नंबर मिळतो. तालुक्यात दहा-पंधरा जण असाल तर मिळून शाखा सुरू करायचं बोला. पैसे देताना पावती घ्याच, आणि कोणी 'मेंबर झालात की पेन्शन वाढेल' म्हणत असेल तर त्याला दारात उभं करू नका.

वायुसेनेवाल्यांची एअर फोर्स असोसिएशन वेगळी आहे. युद्धात नवरा गमावलेल्या बहिणींसाठी वॉर विडोज असोसिएशन आहे, ती व्ही. मोहिनी गिरी यांनी १९७१ च्या लढाईनंतर, १९७२ ला सुरू केली. एकात असलं म्हणून दुसऱ्यात जाता येत नाही असं काही नाही.

८. माजी सैनिक नेमकं कोणाला म्हणतात? आमच्या भावानं सात वर्षं नोकरी करून सोडली.

वर्दी घातली होती म्हणजे माजी सैनिक, असं नियमात नाही. पेन्शन घेऊन आलेला माजी सैनिक आहेच (जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात). नोकरीमुळं आलेल्या दुखापतीनं किंवा आजारानं मेडिकल बोर्डआऊट होऊन अपंगत्वाची पेन्शन मिळाली तोही आहे. भरतीच्या वेळी ठरलेला काळ पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेले आहेत, कपातीत घरी पाठवलेले आहेत. पण १ जुलै १९८७ नंतर स्वतःहून अर्ज करून, पेन्शन मिळण्याआधी सोडून आलेला बसत नाही. गैरवर्तनावरून काढलेलाही नाही. टेरिटोरियल आर्मीवाल्यांमध्ये पेन्शनवाले, अपंगत्व आलेले आणि शौर्यपदकवाले बसतात.

तुमच्या भावाचं डिस्चार्ज बुक उघडा, त्यात डिस्चार्जचं कारण एका ओळीत लिहिलेलं असतं. 'स्वतःच्या विनंतीवरून' असं असेल तर वाईट वाटतं पण बोर्डात ओळखपत्र मिळणार नाही. दुसरं काही लिहिलं असेल तर जिल्हा कार्यालयात दाखवा, तोंडी ऐकून परत येऊ नका.

९. माझे मिस्टर सीआरपीएफला होते, गडचिरोलीत ड्युटी केली, मग आम्हाला हे का नाही?

ताई, हा प्रश्न वाचून मला दर वेळी जड जातं. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाची, आणि सैनिक बोर्ड, ईसीएचएस, सीएसडी कँटीन हे संरक्षण मंत्रालयाचं. म्हणून या योजना लागू होत नाहीत. २०१२ ला गृह मंत्रालयानं 'माजी सीएपीएफ कर्मचारी' असा दर्जा दिला, त्यांची पोलीस कँटीन वेगळी आहे, पोरांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीही त्यांच्या दलाकडून वेगळी आहे. अर्ज तुमच्या मिस्टरांच्या ग्रुप सेंटरकडं करायचा. सी-६० आणि एसआरपीएफ राज्य पोलिसांचे, त्यांचं सगळं पोलीस खात्यातून. जंगलातला धोका तोच होता हे आम्हाला माहीत आहे, पण अर्ज चुकीच्या दारात गेला तर वर्ष वाया जातं.

१०. पोरगा अग्निवीर आहे, चार वर्षांनी परत आला तर लीगमध्ये, बोर्डात नाव लागेल का?

आजच्या अटींप्रमाणं चार वर्षांवर घरी येणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही. योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली तेव्हाच हे लिहिलेलं होतं. मिळतो तो सेवानिधी, साधारण ११.७१ लाख. जे २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील ते पुढं नेहमीच्या जवानासारखे, त्यांना प्रश्न ८ लागू. पोराला आत्ताच सांगा की युनिटमधून निघताना स्किल सर्टिफिकेट आणि डिस्चार्जची सगळी कागदं मोजून घे, आणि त्या पैशाला घरच्या लग्नात हात लावू नका. माझं स्वतःचं मत असं की लीगनं या पोरांसाठी दार उघडं ठेवावं, दर्जा काही का असेना. २२-२३ वर्षांचं लेकरू परत येणार, त्याला कोणीतरी मोठं माणूस पाहिजे.

११. बाबा मागच्या महिन्यात वारले. आईची पेन्शन कशी सुरू करायची?

आधी बाबांची लोखंडी पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, पासबुक, आधार-पॅन बाहेर काढा. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला घ्या, पाच-सहा प्रती. मग जिथून पेन्शन येत होती तिथं लगेच कळवा. आता बहुतेकांची पेन्शन 'स्पर्श' या सिस्टीममधून येते, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडून, तिथं मृत्यूची नोंद ऑनलाइन होते. तुम्हाला जमत नसेल तर गावाजवळच्या सीएससी केंद्रातून किंवा सैनिक कार्यालयातून करा. कळवायला उशीर केला आणि वारल्यानंतरची पेन्शन एटीएमनं काढत राहिलात तर ती परत कापून घेतात, आणि ते आईच्या पेन्शनमधून कापलं जातं. दुःखात ध्यानात राहत नाही, म्हणून शेजाऱ्यानं, पुतण्यानं हे करावं.

आईचं नाव पीपीओवर आधीच असेल तर काम सरळ आहे. साधारण फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, सुरुवातीची काही वर्षं वाढीव दरानं मिळू शकते, आणि कमीत कमी ९,००० अधिक महागाई भत्ता. नोकरीमुळं आलेला मृत्यू असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी लढताना गेला असेल तर लिबरलाइज्ड, म्हणजे पगाराइतकी. कोणती लागू झाली ते पीपीओवर लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

नाव नसेल किंवा चुकीचं असेल तर प्रश्न १२.

१२. डिस्चार्ज बुकात आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं. आता?

हे आपल्याकडं घरटी आहे. भरतीच्या वेळी सेंटरच्या बाबूनं विचारलं, पोरानं सांगितलं, त्यानं हिंदीत लिहिलं, मग कोणीतरी इंग्रजीत टाइप केलं. लग्नानंतर आपल्याकडं नाव बदलायची पद्धत, माहेरची शेवंता सासरी येऊन संगीता होते. घरी बेबीबाई म्हणतात, मतदार यादीत बेबी येतं, आधारवर बेबीताई.

माझ्याकडं आलेली एक मावशी सांगतो. नवरा महार रेजिमेंटला होता, आपल्या विदर्भातल्या कित्येक घरांतले आजे-पणजे १९४१ पासून, बाबासाहेबांच्या प्रयत्नानं ती रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून तिथं गेलेत. मावशीनं लुगड्याच्या पदरात गुंडाळून डिस्चार्ज बुक आणलं होतं. घडीवर फाटलेलं, सेलोटेप लावून पिवळं पडलेलं, आणि बायकोच्या नावासमोर जे लिहिलं होतं ते तिचं नव्हतंच, तिच्या सासूचं होतं. कोणीतरी ओळ चुकवली होती. ४१ वर्षं कोणी ते पान वाचलं नव्हतं. एका बँकेत तिला 'तुम्ही बायको आहात हे सिद्ध करा' म्हणाले, आणि ती लग्नातला कुंकवाचा करंडा घेऊन आली होती दाखवायला.

अशा वेळी करायचं काय, तर तहसीलला प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं. पेपरात जाहिरात. ग्रामपंचायतीचा दाखला, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर ते, जुनी मतदार यादी, एकत्र फोटो. सगळं जिल्हा सैनिक कार्यालयात द्यायचं, ते आपल्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात. रेकॉर्डवाले पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल करणारा आदेश) काढतात, मग पीपीओ सुधारून येतो. मावशीला अकरा महिने लागले पण झालं.

जे अजून हयात आहेत त्यांना हात जोडून सांगतो, आज सांजच्याला पेटी उघडा, बायकोचं नाव, जन्मतारीख, पोरांची नावं आधारशी जुळवून बघा. तुम्ही जिवंत असताना तुमच्या सहीनं हे काम लवकर होतं. तुमच्या मागं ती एकटी कुठं हिंडणार?

१३. आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, हयातीचा दाखला अडला आहे.

जन्मभर पऱ्हाटी वेचली, भांडी घासली, बोटाच्या रेषा राहतच नाहीत. जबरदस्तीनं दहा वेळा दाबू नका. जीवन प्रमाणमध्ये (ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात) चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आहे, मोबाइलवरून होते, चांगल्या उजेडात अंगणात बसवून करा, आणि डोळे मिचकवायला सांगतं ते आजीला आधी समजावून सांगा. पोस्टमनलाही घरी बोलावता येतं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक हे काम करते. दाखला वर्षातून एकदा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. चुकला तर पेन्शन थांबते, पण दाखला दिला की मागची पण मिळते, बुडत नाही.

१४. आमचे काका फौजेत होते पण पेन्शन नाही, आता ७० चे आहेत, हातात काही नाही.

माजी सैनिक म्हणून बसत असतील (प्रश्न ८) तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट (हलाखीत असलेल्यांसाठी दरमहा मदत) आहे. वय ६५ च्या वर, पेन्शन नाही, हवालदार रँकपर्यंत. महिन्याला ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केली आहे. विधवेलाही मिळते. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइन, पण पडताळणी जिल्हा कार्यालय करतं, म्हणून तिथं जाऊन सांगा. ही योजना गावात जवळजवळ कोणालाच माहीत नसते.

१५. पोरांच्या शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नाला काय मिळतं?

हवालदारापर्यंतच्या रँकला पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांसाठी महिन्याला प्रत्येकी २,००० (आधी १,००० होते), मुलीच्या लग्नाला १ लाख (आधी ५० हजार), दोन मुलींपर्यंत. हेही नोव्हेंबर २०२५ पासूनचे दर, आणि लग्नाचं अनुदान जुन्या लग्नांना नव्या दरानं मिळत नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी-फार्मसी असल्या प्रोफेशनल कोर्सला पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलीला महिन्याला ३,०००, मुलाला २,५००, बारावीत ६० टक्के लागतात आणि पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षाला आठवण आली तर गेलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं आहेत, खेड्यातल्या पोरीला कॉलेजसाठी खोली शोधण्यापेक्षा आधी तिथं विचारा. आणि सैनिक स्कूल आता साताऱ्यालाच नाही, २०१९ पासून चंद्रपूरलाही आहे.

१६. ईसीएचएस कार्ड फुकट की पैसे?

योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पेन्शनरला एकदाच पैसे भरावे लागतात, हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००. युद्धात नवरा गमावलेल्या विधवा, युद्धात अपंग झालेले आणि १ जानेवारी १९९६ च्या आधी रिटायर झालेले यांना माफ. पॉलिक्लिनिक लांब असलं तरी कार्ड काढून ठेवा. हार्टचा त्रास झाल्यावर कार्ड काढायला वेळ नसतो. जीव धोक्यात असेल तर जवळच्या दवाखान्यात भरती करा आणि लगेच पॉलिक्लिनिकला कळवा, त्याची वेगळी तरतूद आहे.

१७. घरपट्टी माफ, सरकारी जमीन, नोकरीत जागा, यातलं खरं किती?

घरपट्टी खरी. राज्य सरकारनं २०२० ला बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, एका राहत्या घरापुरती माफी, माजी सैनिकाला किंवा विधवेला. सैनिक कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामसेवकाकडं अर्ज द्यायचा, आपोआप होत नाही. नोकरीतही खरं, राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के, केंद्रात गट क ला १० टक्के. जमीन नियमात आहे, पण मिळते ती भोगवटादार वर्ग २ ची, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जुन्या काळी मिळालेली जमीन साध्या कागदावर विकून बसलेले लोक आज कोर्टात आहेत. सातबारा काढा आणि वर्ग कोणता ते बघा.

१८. मुलगी घटस्फोट होऊन माहेरी आहे, आईनंतर तिला पेन्शन मिळेल का?

मिळू शकते. अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुलीला फॅमिली पेन्शनचा हक्क आहे, पण आधी हक्क असलेलं दुसरं लहान भावंडं नको आणि तिची स्वतःची कमाई ९,००० अधिक महागाई भत्त्याच्या आत पाहिजे. खोच इथं आहे, की निकाल आई-वडील गेल्यावर लागला तरी चालतो, पण घटस्फोटाची केस त्यांच्यापैकी एक तरी हयात असताना कोर्टात दाखल झालेली पाहिजे. आपल्याकडं पंचांसमोर काडीमोड करतात आणि कागद करत नाहीत, तिथं पोरीचं नुकसान होतं.

वीरनारीच्या दुसऱ्या लग्नाबद्दलही विचारतात. शौर्यपदकाचा भत्ता चालू राहायला पूर्वी दिराशीच लग्न करायची अट होती, ती २०१७ ला काढून टाकली. पेन्शनचं मात्र प्रकाराप्रमाणं बदलतं (प्रश्न ११), लग्नाआधी सैनिक कार्यालयात बसून बोला. आणि कोणी पोरीला पेन्शनच्या नावानं अडवत असेल तर लीगच्या माणसाला घरी घेऊन जा, दोन मोठी माणसं बसली की बोलणं नीट होतं.

१९. बोर्डात, बँकेत, कुठंच ऐकत नाहीत. आता कोणाकडं जायचं?

आधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तिथं निवेदन देता येतं, आणि इथं लीगचं लेटरहेड कामी येतं, कारण एकट्या म्हातारीचा अर्ज आणि चाळीस सह्यांचा अर्ज यात फरक पडतो. त्यानंही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्यानं झालेलं, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अपंगत्व पेन्शनच्या पुष्कळ केसेस तिथं जिंकल्या गेल्या आहेत.

पेन्शन अडली म्हणून फोन करणाऱ्या कोणालाही ओटीपी देऊ नका, स्पर्शवाला असं फोनवर मागत नाही.

२०. आमचे आबाजी दुसऱ्या महायुद्धात होते म्हणतात, घरी फक्त दोन मेडल आहेत. त्यांचं काही निघतं का?

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे २५ लाख लोक होते आणि लढाई संपल्यावर बहुतेकांना घरी पाठवलं, पेन्शन नाही. म्हणून तुमच्या घरात कागद नाही, यात आबाजींची काही चूक नाही. अशाच म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना, म्हणजे १९४७ च्या आधी नोकरी केलेल्यांना, कॉमनवेल्थ लीगकडून आपल्या लीगमार्फत मदत येत गेली. आजी हयात असतील तर जिल्हा सैनिक कार्यालयात लगेच नाव कळवा. दोघंही नसतील तर पैसा निघणार नाही, पण माणूस सापडू शकतो. मेडलच्या कडेवर आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात नंबर, नाव, युनिट कोरलेलं आहे का ते बघा. बॅटरी तिरपी धरली की दिसतं. त्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि तोपर्यंत ते चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, नंबर पुसून जातो.